तीनची कुस्ती

आमच्या आबांच्या मते कुस्ती एकदाच होते. पाठ मातीला लागली की संपलं. मग तुम्ही रडा, पडा, नाहीतर वस्तादाच्या नावानं बोंबला, पंचांनी हात वर केला तो केला.

आबा म्हणजे माझे वडील. जवानीत त्यांनी राहाता तालुक्यातले बरेच हगामे गाजवले. हगामा म्हणजे जत्रेतल्या कुस्त्या. दुपारी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरू होतो आणि दिवस मावळताना मानाच्या शेवटच्या कुस्तीवर संपतो. पुढं साखर कारखान्यात नोकरी लागली, लंगोट खुंटीला गेला, पण गावच्या हगाम्यात पंच म्हणून अजून आबाच उभे राहतात. अशा माणसाच्या पोटी एकुलती एक मुलगी जन्माला आली आणि तिनं बास्केटबॉल धरला. आता याला कोण काय करणार?

मला तो नाद शाळेनं लावला. आमच्या शाळेत सिमेंटचं कोर्ट होतं, दोन वाकडे खांब आणि जाळी नसलेल्या दोन कड्या. आबांनी कधी नाही म्हटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण असल्या गोष्टीत बापाला खलनायक करायची लोकांना भारी घाई. उलट सराव असो, शिबिर असो, स्पर्धा असो, आबा फटफटीवर सोडायला यायचे. पण गेटपर्यंत. “जा, दम धरून खेळ,” म्हणायचे आणि गाडी वळवायचे. सामना सुटला की परत गेटशी हजर. आत पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही. आईनं एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, “पोरगी हरली तर मला न्हाई बघवायचं.” घ्या! मातीत शेकडो माणसं लोळवलेला गडी, आणि पोरीच्या खेळाला भ्यायचा.

वर्षं गेली. मी नगरजवळच्या केडगावात राहायला आले, शाळेत खेळाची बाई झाले. मुलींना कोर्टावर पळवायचं, शिट्टी फुंकायची, संध्याकाळी स्वतः तासभर खेळायचं, असं चाललं होतं. मग ती नवी लीग निघाली. बायकांची, व्यावसायिक, करारावर सही करून खेळायची. मी तेव्हा चौतिशीत होते. निवड चाचणीला गेले तर पोरी “मॅडम, मॅडम” म्हणत मला वाट द्यायला लागल्या. त्यांना वाटलं, मी पंच आहे. मी मनात म्हटलं, थांबा जरा, मॅडम काय आहे ते दाखवते. दाखवलंही. घेतलं त्यांनी मला.

साखळी सामने संपले आणि आमचा संघ पहिल्या चारांत आला. म्हणजे प्लेऑफ. त्या लीगचे पहिलेवहिले प्लेऑफ, पुण्यातल्या एका मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये. पोरी नाचत होत्या. मीही नाचले, गुडघा जपून. विजेतेपद नको होतं असं कोण म्हणेल? पण माझा जीव अडकला होता तो एकाच गोष्टीत. आबांनी एकदा आत येऊन बसावं आणि मला खेळताना बघावं. गुडघा वर्षभर कुरकुरत होता. पुढच्या वर्षी मला कोण उभं करणार? म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

फोन केला. “आबा, यंदा या ना. एवढं एकदा.”

“बघतो,” म्हणाले.

आमच्या घरात आबांचं ‘बघतो’ म्हणजे ‘नाही’. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

आणि आले की हो! पहिल्या सामन्याच्या दिवशी जीपभर जुने पैलवान घेऊन आले. सगळ्यांची पांढरी शुभ्र कापडं, पायात करकरीत वहाणा, आणि सोबत गावचा हलगीवाला. हलगी दारावरच्या माणसानं अडवली. आबा त्याला म्हणाले, “हलगी न्हाई तर गड्याला जोर कसा चढायचा?” तो बिचारा हिंदीत काहीतरी सांगत राहिला. शेवटी हलगी जीपमध्ये राहिली आणि मंडळी आत येऊन पहिल्या रांगेत बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, लग्नातल्या मानकऱ्यांसारखी.

त्या दिवशी मी काय खेळले ते मला विचारू नका. हातातून सुटलेला चेंडू जिथं पाहिजे तिथं जात होता. मी गार्ड, म्हणजे चेंडू वर न्यायचा, डाव मांडायचा आणि दुसरीला बास्केट करू द्यायचं हे माझं काम. त्या दिवशी मी स्वतःही टाकत सुटले. मधेच आबांकडे नजर जायची. त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. समोरच्या संघाची बास्केट झाली तरी त्यांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. पण डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

आम्ही जिंकलो. हॉर्न वाजला, आणि पुढचं सांगताना मला अजून हसू येतं. आबा कठडा ओलांडून वहाणांसकट सरळ कोर्टावर. मागून सगळे पैलवान. आबांनी पिशवीतून भगवा फेटा काढला आणि घामानं थबथबलेल्या माझ्या डोक्याला तिथंच बांधायला घेतला. एकानं खिशातून गुलालाची पुडी काढून उधळली. तेवढ्यात दुसऱ्यानंही. चकचकीत लाकडी फरशी लालेलाल! पंच शिट्ट्या फुंकतायत, आयोजक धावतायत, फरशी पुसायला बायका आल्या त्या कपाळाला हात लावून उभ्या. लाकडावरचा गुलाल घसरतो आणि निघता निघत नाही, हे मातीतल्या माणसांना कोण सांगणार? मी मात्र डोळे मिटून उभी होते. आबांच्या बोटांना तंबाखूचा वास येत होता. एवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

बाहेर आल्यावर आबांनी गावात फोन लावला. “पोरीनं मैदान मारलं! फ्लेक्स लावा चौकात!”

मी म्हटलं, “आबा, फ्लेक्सची घाई नको. उद्या परत सामना आहे.”

“कुनासंग?”

“ह्यांच्याशीच.”

मी समजावलं. तीन सामन्यांची मालिका असते, त्यातले दोन जो जिंकेल तो अंतिम फेरीत जातो. साधी गोष्ट. पण आबांच्या डोक्यात ती शिरेना, आणि शिरली तेव्हा त्यांचं पित्त खवळलं.

“चीत झालेल्या पैलवानासंग परत कुस्ती लावायची? ही कुठली रीत? आज पाडलं ना त्यास्नी? सगळ्यांनी पायलं ना?”

“पाडलं आबा. पण...”

“मंग उद्या कशापायी? त्यास्नी रातभर इचार करायला येळ द्यायचा, तुझा डाव वळखू द्यायचा, आन् मंग परत? ही लबाडी हाय.”

बाकीचे पैलवान माना डोलावत होते. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच खुळ्यासारखं नव्हतं. कारण दुसऱ्या दिवशी नेमकं तेच झालं. समोरच्या संघानं माझा डाव ओळखला. एक उंच, दणकट पोरगी जळवेसारखी मला चिकटून राहिली. मला चेंडू वर नेता येईना. आम्ही सपाटून हरलो.

हॉर्न वाजला तसे आबा आदल्या दिवशीसारखेच कठडा ओलांडून आत. फेटा नव्हता हातात. सरळ गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी गेले. “काल पाडलं हुतं का न्हाई? सांगा! लिवलंय का न्हाई तुमी?” टेबलावरची पोरं घाबरली. आमच्या प्रशिक्षकांनी खांद्याला धरून त्यांना बाजूला घेतलं. मागच्या बाकावरून कुणीतरी फिदीफिदी हसलं. आबांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा असा पडला की मला माझं हरणं आठवेनाच.

जीपमधले पैलवान त्याच संध्याकाळी गावी परतले. आबा केडगावला माझ्या घरी थांबले. मधे एक दिवस सुट्टी होती. सकाळचा सराव करून मीही घरी आले. मी चहा केला, आबांनी बशीत ओतला आणि न पिता ठेवून दिला.

“उद्या मी आत यायचा न्हाई,” म्हणाले.

“आबा, उद्याच तर खरी...”

“खरी एकदाच असती. तू ती जिंकली. म्या पायली. आता ह्या लबाडीच्या कुस्तीला मी बसनार न्हाई. पर तुला सोडायला येतो. गेटापत्तूर.”

मी पाया पडायची बाकी राहिले. कितीदा समजावलं, चिडले, अबोला धरून बघितला. म्हटलं, जत्रेतली रीत इथं कशी चालेल? नियम आहे तो, लबाडी नाही. पण आबा एकदा अडले की अडले. आणि मला आतून कळत होतं की ही नुसती रीतभात नव्हती. दुसऱ्या सामन्यात त्यांनी मला हरताना पाहिलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. ते त्यांना सोसलं नव्हतं. रीत हे नाव त्याला दिलं होतं एवढंच.

तिसऱ्या सामन्याला आबांनी एसटीनं पुण्यापर्यंत येऊन मला गेटशी सोडलं. “जा, दम धरून खेळ,” म्हणाले. मी लहान झाले पुन्हा. फक्त या वेळी माघारी गेले नाहीत. गेटाबाहेर गुलमोहराखाली पिशवी मांडीवर घेऊन बसले.

तो सामना आमच्या लीगमध्ये झालेला सगळ्यात चांगला सामना असं लोक म्हणतात. असेल बाई. मला त्यातलं तुकड्या-तुकड्यानंच आठवतं. ती जळू पुन्हा अंगावर. पण आज मीही तयार होते. कधी आम्ही पुढं, कधी ते. शेवटच्या टाइमआउटला सवयीनं पहिल्या रांगेकडे बघितलं. आबांच्या जागेवर कुणीतरी पाण्याची बाटली ठेवली होती. मग शेवटचा डाव. एका गुणानं आम्ही मागे. मी दोघींना चकवून कडीखाली गेले, चेंडू सोडला, तो कडीवर एक गिरकी घेऊन बाहेर पडला. हॉर्न वाजला. हॉल नुसता दणाणला.

त्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आमच्यातली सगळ्यात धाकटी माझ्या कुशीत शिरून हमसत होती, तिला थोपटलं, सगळ्यांशी हात मिळवले. मोठ्यांनी करायचं ते सगळं केलं. मग बाहेर आले.

आबा गुलमोहराखाली उभे होते. हातात फेटा, घडी मोडून अर्धा उलगडलेला. नवा, कोरा, त्याच दिवशी घेतलेला असणार. आतला जल्लोष बाहेरपर्यंत ऐकू आला होता. त्यांना वाटलं, तो माझाच.

मला बघून ते दोन पावलं पुढं आले आणि थांबले. मला काही बोलावंच लागलं नाही. त्यांनी हळूहळू फेटा गुंडाळायला घेतला, पण घडी काही बसेना. शेवटी तसाच पिशवीत कोंबला.

“किती वाजता हरली?” असं काहीतरी वेड्यासारखं विचारलं त्यांनी.

“आत्ताच. तुम्ही ऐकलंत ना.”

“मी आत पायजे हुतो.”

मी वैतागलेच. रडू फुटू नये म्हणून वैतागले. “तुम्ही आत असता तर चेंडू कडीत पडला असता का आबा?”

“पडला नसता,” आबा म्हणाले. “जिंकणाऱ्यापाशी गाव असतंय गं. हरताना घरचं मानूस लागतंय. मी झाडाखाली बसून ऱ्हायलो.”

केडगावला एसटीतून उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “फुडल्या साली,” म्हणाले. “तिन्ही कुस्त्यांना बसतो. जिंक न्हाईतर हर.”

गावच्या चौकातला फ्लेक्स तोवर लागला होता. माझा हसरा फोटो, खाली ‘मैदान मारले’, आणि गावातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांची तोंडं. तो उतरवायचं कुणाला सुचलं नाही. उन्हानं विटल्यावर आईनं घरी आणून कडब्याच्या गंजीवर टाकला. सुट्टीत घरी गेले की माझंच तोंड कडब्यावरून माझ्याकडे हसत असतं.

आणि आबा! त्या वर्षभरात आबांनी काय करावं? मोबाईलवर बास्केटबॉलचे सामने बघायला लागले. आई फोनवर तक्रार करायची, “अगं, जेवायला बसलं तरी त्येच. ते धबाधबा चेंडू आपटलेलं ऐकून माझं डोस्कं उठलंय.” फाऊल कशाला म्हणतात, पहिल्या सामन्यात हरलेला तिसऱ्यात कसा उलटतो, हे ते पारावर बसून लोकांना सांगू लागले. एकदा मलाच म्हणाले, “त्या उंच पोरीनं तुला डाव्या अंगानं दाबली हुती. तू उजवीकडनं निघायला पायजे हुतीस.” मी थक्क झाले. बरोबर होतं ते. माझ्या त्या तिसऱ्या सामन्याचं चित्रण त्यांनी शोधून काढून बघितलं होतं. पण मोबाईलवर बघणं आणि तिथं असणं यात फरक आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. दर फोनला शेवटचा प्रश्न ठरलेला. “तारीख लागली का गं लीगची?”

लागली नाही. कुणी जाहीरपणे सांगितलंही नाही. आमचा व्हॉट्सअॅपचा ग्रुप हळूहळू सुना पडला, आधी सरावाच्या गप्पा गेल्या, मग नुसते वाढदिवस राहिले, मग तेही नाही. पैसे घालणारे मागे सरले म्हणे. म्हणजे ते पहिले प्लेऑफ होते आणि शेवटचेही. माझ्या गुडघ्यानंही मग फार वाट बघितली नाही. मी आबांना सांगायची, “लागेल हो. बघू.” ‘बघू’ म्हणायची सवय घराण्यातूनच आलेली.

मग यंदाची जत्रा आली. हगाम्याला मी गावच्या शाळेच्या गच्चीवर बायकांच्यात उभी होते. मानाची कुस्ती लागली. एक राहात्याचा नावाजलेला पैलवान, दुसरा राजूरकडचा, एकटाच आलेला, सोबत ना वस्ताद ना भाऊबंद. हलगी वाजायला लागते न लागते तोच राहात्याच्या गड्यानं त्याला उचलून आपटला. चितपट! लोक आरोळ्या देत आत घुसायला निघाले. आबांनी हात वर करायचा, बस. एवढंच काम.

आबांनी हात वर केला नाही.

“थांबा,” म्हणाले. “तीनची लावा.”

आधी कुणाला कळेना. मग माईकवाल्यानं विचारलं, “काय म्हणता आबा?”

“तीनची. ह्यो गडी लांबनं आलाय. एका झटक्यात काय कळतंय मानसाचं? परत लावा. दोन जिंकंल त्यो खरा.”

सगळं मैदान खो खो हसलं. गच्चीवरच्या बायकासुद्धा. मला धरणी दुभंगावी असं झालं. राहात्याकडचा एक म्हातारा वस्ताद तावातावानं पुढं आला आणि ओरडला, “पंच, शुद्धीवर हायसा का? चीत झालेल्या पैलवानासंग परत कुस्ती? ही कुठली रीत?”

आबांचेच शब्द होते ते, जसेच्या तसे. मग त्यांनी मुकाट्यानं राहात्याच्या गड्याचा हात धरून वर केला. गुलाल उधळला, फेटा बांधला, मिरवणूक निघाली. आबा तिच्यात गेले नाहीत. राजूरचा पैलवान कडेला पाठ फिरवून अंगावरची माती झटकत होता. आबा त्याच्याशेजारी मातीत जाऊन बसले. तो शर्ट घालेपर्यंत बसले, आणि मग त्याला एसटीपर्यंत पोचवायला गेले.

मी गाडी घेऊन स्टँडवर त्यांना आणायला गेले. आबा शेजारी येऊन बसले. कपड्यांना माती होती. जरा वेळानं नेहमीचं विचारलं, “तारीख लागली का गं?”

आता मला ‘बघू’ म्हणवेना. “आबा, ती लीग बंद पडली. आणि माझं खेळणंही संपलं. गुडघा गेलाय.”

आबांनी कपड्यांवरची माती झटकली. एसटी धूळ उडवत निघून गेली.

“मंग,” ते म्हणाले, “आता तुला हरताना मी कवा बघायचं?”